मागणं कसं लिहावं : अनुदान-प्रस्तावाचा एक पाठ

साहित्याच्या वर्गात आपण निबंध शिकतो, पत्रलेखन शिकतो, हल्ली तर सूत्रसंचालन आणि जाहिरातलेखनही शिकतो. पण ज्या लेखनावर कितीतरी वाचनालयं, वसतिगृहं आणि बालवाड्या चालतात, ते अनुदान-प्रस्तावाचं लेखन आपल्याला कुणी शिकवत नाही. संस्था छोटी असली की हे काम ‘ज्याचं इंग्रजी बरं आहे’ त्याच्या गळ्यात पडतं, म्हणजे बहुतेकदा आपल्यासारख्या कुणाच्या तरी. माझ्या गळ्यात ते गेल्या उन्हाळ्यात पडलं. सुट्टीत मी दोन महिने हैदराबादला मावशीकडे होते, आणि तिच्या ओळखीच्या एका वाचनालयाला अर्ज लिहायला कुणीतरी हवं होतं.

हैदराबादेत मराठी ग्रंथसंग्रहालय, मराठी साहित्य परिषद, विवेकवर्धिनी अशा नावाजलेल्या मराठी संस्था आहेत. मी म्हणतेय ते वाचनालय त्यांपैकी नव्हे. ते काचीगुड्याच्या बाजूचं, दोन खोल्यांचं, संध्याकाळी दोन तास उघडणारं एक छोटंसं ठिकाण आहे, आणि त्याचं नाव मी इथे देत नाही. त्यांना जुनी पुस्तकं वाचवायची होती : सूची करायची, फाटलेली दुरुस्त करायची आणि दुर्मीळ असतील ती स्कॅन करून ठेवायची. त्यासाठी पैसे हवे होते, आणि पैशांसाठी ‘प्रपोजलचं पॅकेज’ हवं होतं. हा शब्द सचिवकाकांचा. ते पॅकेज म्हणताना हाताने एका जाड फाइलीचा आकार दाखवायचे, आणि खरंच त्यातला निम्मा भाग फाइलच असतो.

त्या फाइलीबद्दल आधी थोडक्यात सांगते. नोंदणीचं प्रमाणपत्र, घटना आणि नियमावली, कार्यकारिणीची यादी, पॅन, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, वार्षिक अहवाल, अर्ज करायला मंजुरी देणारा कार्यकारिणीचा ठराव आणि रद्द केलेला एक धनादेश एवढं जवळपास सगळेच मागतात. शिवाय आयकर कायद्याखालची १२एबी आणि ८०जी ही दोन प्रमाणपत्रं लागतात. पहिल्यामुळे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळते आणि दुसऱ्यामुळे देणाऱ्याला. पूर्वी १२ए एकदा मिळालं की काम संपायचं. २०२१ पासून तसं राहिलेलं नाही, मुदत असते आणि ती संपायच्या आत नूतनीकरण करावं लागतं. जुन्या संस्था नेमक्या इथेच अडकतात. कपाटात १२ए चा पिवळा कागद जपून ठेवलेला असतो आणि त्याची किंमत संपलेली असते. सरकारी अनुदानाला नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो, आणि कंपनीकडे जायचं तर सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक.

या कंटाळवाण्या गठ्ठ्यात मला एक गंमत सापडली. वाचनालयाची नोंदणी ज्या कायद्याखाली झालीय त्याचं साल ‘१३५० फसली’ आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कालगणना फसली असायची. १३५० फसली म्हणजे इसवी सन १९४०-४१ च्या आसपास. तेलंगणात आज २००१ चा कायदा लागू आहे, पण जुन्या संस्थांच्या कागदांवर फसली साल अजून दिसतं. त्या जुन्या कायद्याच्या इंग्रजी नावातच ‘पब्लिक सोसायटीज’ असे शब्द आहेत. हा ‘पब्लिक’, म्हणजे आपला ‘सार्वजनिक’, नीट लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे, आणि माझे दोन महिने बऱ्याच अंशी याच एका शब्दावर गेले.

पैसे मागायचे कुणाकडे? कार्यकारिणीचं पहिलं उत्तर होतं, ‘अमेरिकेतली मुलं.’ हैदराबादेत हे उत्तर घरोघरी मिळतं. पण इथे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांचा कायदा आडवा येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या भाच्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती परकीय देणगी धरत नाहीत. त्याच भाच्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ती परकीय देणगी होते, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी. मग त्यासाठी वेगळी नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. दोन खोल्यांच्या वाचनालयाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. भाच्यांची यादी केली, पासपोर्ट विचारले, आणि यादी बरीच आखूड झाली.

उरले दोन रस्ते. पहिला राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाखालची ही संस्था कोलकात्यात आहे, राममोहन रॉय यांच्या जन्माला दोनशे वर्षं झाली त्या १९७२ साली स्थापन झालेली. तिच्या काही योजनांमध्ये राज्य सरकारचाही वाटा असतो, काहींत सगळी रक्कम प्रतिष्ठान देतं. दुसरा रस्ता कंपन्यांच्या सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं, की ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. कोणत्या कामांवर, ते त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिलंय. मी ती अनुसूची कविता वाचतात तशी, शब्द शब्द अडवून वाचली. राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांच्या जतनाच्या ओळीतच ‘सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं’ हेही सापडलं. मी आनंदाने उडाले, आणि काकांना वाचून दाखवलं.

काका शांतपणे म्हणाले, “हौ, पण आपलं सार्वजनिक आहे का? आपलं तर सभासदांचं आहे.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. नियमावलीत ‘मराठी भाषिक सभासदांसाठी’ असं स्वच्छ लिहिलेलं. दारावरच्या पाटीवर मात्र ‘सार्वजनिक वाचनालय’. इतकी वर्षं दोन्ही एकत्र सुखाने नांदत होतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. प्रस्तावाने ते विचारलं.

तो प्रश्न सुटायला वेळ लागला. दरम्यान मी ‘गरजेचं निवेदन’ लिहायला घेतलं. प्रस्तावाचा हा भाग सगळ्यात जास्त साहित्यिक, आणि म्हणूनच सगळ्यात घसरडा. कार्यकारिणीने आधीच एक मसुदा करून ठेवला होता. त्यात मराठी मृत्युशय्येवर होती, नवी पिढी मोबाइलच्या आहारी गेली होती आणि ज्ञानाचा दिवा विझत होता. हे वाचणार कोण, याचा विचार करा. एखाद्या औषधकंपनीतली सीएसआर अधिकारी, बहुधा तेलुगूभाषक, टेबलावर अशाच अर्जांची रास. मराठीचं दुःख तिने का वाटून घ्यावं? आणि दिवा विझतोय तर त्यात पैसे कशाला घालायचे, असंही ती म्हणू शकते.

मग मी उलट बाजूने गेले : या पुस्तकांमध्ये तिचं काय आहे? हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत आणि नंतरच्या हैदराबाद राज्यात १९५६ पर्यंत तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांचे जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कन्नड. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद यांची राजधानी हैदराबाद होती. निजामाचा कारभार उर्दूतून चालायचा, उस्मानिया विद्यापीठही १९१८ साली उर्दू माध्यमातच सुरू झालं. त्या काळात बाकीच्या भाषांनी आपापली घरं बांधली, ती वाचनालयांच्या रूपात. सुलतान बाजारातलं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ चं आहे, आणि तेलंगणाचा माणूस त्याचं नाव आदराने घेतो. मराठी वाचनालयं त्याच गल्ल्यांमध्ये, त्याच कारणाने वाढली. या शहरातल्या सभांचे वृत्तांत, शाळांचे अहवाल, संस्थानात छापलेल्या पुस्तिका यांच्यातलं बरंच काही मराठीत पडून आहे आणि तेलुगू संशोधकाला ते दिसत नाही. म्हणून आमच्या निवेदनाचं पहिलं वाक्य असं झालं : ‘हैदराबादच्या इतिहासाचा एक भाग मराठीत लिहिलेला आहे, आणि त्याची सूची नाही.’ इथे रडणं नाही, खोटंही काही नाही, आणि सूची नसण्याला इलाज आहे. ज्या गरजेला इलाज नाही ती अनुदानाच्या अर्जात मांडून उपयोग नसतो.

इथे थोडी मागे जाते, कारण मराठीतलं या लेखनाचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या अभ्यासक्रमात आहे, फक्त आपण ते तसं वाचत नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, आणि १८८७ मध्ये त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ तिथे प्रसिद्ध झालं. आपण ते स्त्रीवादी ग्रंथ म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण शेवटाकडे या, तिथे थेट आवाहन आहे. आधीची प्रकरणं बालपण, लग्न, वैधव्य अशी पायरीपायरीने गरज उभी करतात आणि शेवटी मागणं येतं. त्यातून १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षं मदतीची हमी दिली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. त्याच वर्षी रमाबाईंनी अमेरिकेच्या प्रवासावरचं पुस्तक मराठीत काढलं. देणाऱ्यांसाठी इंग्रजीत एक पुस्तक, घरच्यांसाठी मराठीत दुसरं. दोन्ही वाचकांना त्यांनी कमी लेखलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आणि तरीही एका शब्दाने घात केलाच. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असं ठरलं होतं. मुलींवर धर्म लादायचा नाही हा त्याचा एक अर्थ. धर्माचं वारंही लागू द्यायचं नाही हा दुसरा. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, प्रार्थना करायच्या, त्यांच्या खोलीचं दार उघडं असायचं आणि मुली येऊन बसायच्या. पुण्यात गदारोळ झाला, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. मी कॅथलिक घरातली, त्यामुळे हा प्रसंग वाचताना मन रमाबाईंच्या उघड्या दाराकडे झुकतं, हे लपवत नाही. पण अर्ज लिहिणारी म्हणून पाहिलं तर वाटतं, ‘तटस्थता’ म्हणजे नेमकं काय करायचं आणि काय नाही, हे दोन्ही बाजूंनी आधी कागदावर उतरवायला हवं होतं.

याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, आणि नंतर महिला विद्यापीठ. त्या विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये देऊ केले, त्यासोबत अटी आल्या. विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, द्यायचं होतं. आज आपण एसएनडीटी म्हणतो ते त्यातूनच. १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्यालयही पुण्याहून मुंबईला गेलं. त्या अटी नावाच्या आणि गावाच्या होत्या, शिकणार कोण या प्रश्नाला त्या हात लावत नव्हत्या. देणाऱ्याची अट तपासताना मी आता हाच फरक बघते.

काचीगुड्याला परत येते. रमाबाईंची गोष्ट मी कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितली आणि ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ कागदावर काढू या म्हटलं. चर्चा दोन तास चालली. एका ज्येष्ठ सभासद आजींचा विरोध होता, आणि तो संकुचितपणा नव्हता. त्या म्हणाल्या, “बाळ, सगळ्या शहरात मराठी ऐकू येईल अशी ही एकच खोली उरलीय आमच्या गल्लीत. तीही सगळ्यांची केली की आमची कुठली?” याला उत्तर देणं सोपं नव्हतं, आणि मी दिलंही नाही. ग्रंथपालताईंनी दिलं, तेही वाद न घालता. गल्लीतली तीन-चार तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं रोज संध्याकाळी पंख्याखाली बसून अभ्यास करतात, नियमावलीत नसताना, आणि त्यांना चहा आजीच पाजतात, एवढंच त्यांनी सांगितलं. आजी हसल्या, पण मत बदललं नाही. त्यांनी ते इतिवृत्तात नोंदवायला लावलं.

ठरलं ते असं. वाचनकक्ष कोणत्याही भाषेच्या माणसाला विनाशुल्क खुला. पुस्तकं घरी न्यायला सभासदत्व, तेही कुणालाही. सूची मराठीत, पण शीर्षक आणि विषय तेलुगू आणि इंग्रजीतही. संग्रह मराठीच राहील, आणि अनुदानाच्या पैशातून दुसऱ्या भाषेची पुस्तकं घेतली जाणार नाहीत. नियमावली बदलायला सर्वसाधारण सभा लागते, तिची तारीख ठरली. प्रस्तावात ‘सार्वजनिक’ या शब्दाखाली आम्ही ही चारही वाक्यं जशीच्या तशी लिहिली. एखाद्या कंपनीने उद्या म्हटलं की मराठी काढून ‘बहुभाषिक केंद्र’ करा, तर नाही म्हणायला संस्थेच्या हातात तिचाच कागद आहे.

या निर्णयाचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. स्कॅनिंगसाठी १९५७ चा कॉपीराइट कायदा बघत होते. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, हे आपल्याला माहीत असतं. पण २०१२ च्या दुरुस्तीने एक सवलत आलीय : ग्रंथालयाकडे पुस्तकाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी त्याची डिजिटल प्रत ठेवता येते. अट अशी, की ग्रंथालय नफा न कमावणारं आणि सार्वजनिक असावं. पुन्हा तोच शब्द! ठेवता येते याचा अर्थ नेटवर टाकता येते असा नाही. म्हणून आम्ही दोन याद्या केल्या. हक्क संपलेली पुस्तकं सगळ्यांसाठी खुली, बाकीची फक्त वाचनालयाच्या संगणकात.

आता अंदाजपत्रक. साहित्याची मुलं इथे पळ काढतात. माझं मत विचाराल तर प्रस्तावातलं सगळ्यात प्रामाणिक गद्य इथेच असतं, निदान असायला हवं. अनुभवी वाचक म्हणे आधी हेच पान उघडतो, कारण संस्थेला आपलं काम कळलंय का ते इथे उघडं पडतं. ‘सूची करणे : ५०,०००’ ही ओळ काहीच सांगत नाही. समजा ३,००० पुस्तकं आहेत. एक माणूस दिवसाला नीट ४० नोंदी करू शकतो, म्हणजे ७५ दिवस. महिन्याला कामाचे २५ दिवस धरले तर तीन महिने, आणि मानधन महिना १५,००० धरलं तर ४५,००० रुपये. स्कॅनिंगचंही तसंच. २०० पुस्तकं, सरासरी २५० पानं, म्हणजे ५०,००० पानं, आणि पानाला दोन रुपये दर आला तर एक लाख. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण प्रत्येक आकड्याच्या मागे असं गणित हवं, आणि दराच्या मागे दुकानदाराचं लेखी दरपत्रक.

या गणितामुळे कामच बदलतं. आम्ही आधी साधा सपाट स्कॅनर लिहिला होता, कारण स्वस्त. मग लक्षात आलं की जुनं पुस्तक उलटं करून काचेवर दाबलं की बांधणी तुटते. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, पानं इतकी ठिसूळ होतात की दुमडताच मोडतात. म्हणून वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर भाड्याने घ्यायचं ठरलं. चिकटपट्ट्या आणि प्लॅस्टिकचं लॅमिनेशन यादीतून काढलं. पट्टीचा गोंद कागदात उतरतो, आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. आम्लविरहित खोकी महाग पडली, म्हणून ती फक्त सगळ्यात नाजूक पुस्तकांना. ग्रंथपालताईंचा वेळ, वाचनालयाची वीज, स्वयंसेवकांचे तास हे संस्थेचा वाटा म्हणून वेगळ्या रकान्यात रुपयांत मांडले. त्या रकान्याची बेरीज बघून काका बराच वेळ गप्प बसले. इतकी वर्षं आपण काय देत आलो ते त्यांनी पहिल्यांदा आकड्यात पाहिलं होतं.

राहिला परिणामांचा भाग. इथे एकच गोंधळ सतत होतो, केलेलं काम आणि त्याने घडलेला बदल यांची सरमिसळ. २०० पुस्तकं स्कॅन होणं हे काम. वारंगळच्या एखाद्या संशोधकाला सूचीत नाव सापडून तो पुस्तक बघायला येणं हा बदल. बदल मोजायला पुरावा लागतो, आणि तो घरातलाच असावा. आमच्याकडे दाराशी एक वही होती, येणारा सही करायचा. तीत आम्ही दोन रकाने वाढवले, ‘कशासाठी आलात’ आणि ‘मिळालं का’. अर्ज जायच्या आधीपासूनच ती वही सुरू केली, नाहीतर आधी किती लोक येत होते हे नंतर सांगता येत नाही.

मी निघाले तोवर प्रतिष्ठानाचा अर्ज गेला होता आणि दोन कंपन्यांसाठीची पाकिटं तयार होती. आता उत्तराची वाट. दरम्यान ताईंनी व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय. ‘कशासाठी आलात’ या रकान्यात एकाने तेलुगूत काहीतरी लिहिलंय, आणि शेजारी आजींच्या अक्षरात त्याचं मराठी : ‘आजोबांच्या शाळेचा अहवाल’. ‘मिळालं का’ हा रकाना रिकामा आहे. ते कपाट अजून सूचीत आलेलं नाही.